पाहुणा विमानतळावर उतरून गेला आणि बिटकॉइन अजून 'अनकन्फर्म्ड': गाडीवाल्याने काय करावं?

जंगलगाडी

नमस्कार मंडळी. नागपूरहून पेंच आणि ताडोबाला पर्यटक नेण्या-आणण्याचा माझा धंदा आहे. तीन इनोव्हा आहेत, एक मी चालवतो, दोनवर ड्रायव्हर आहेत. सीझन ऑक्टोबर ते जून. पावसाळ्यात जंगलाचा कोअर भाग बंद असतो, तेव्हा गाड्या कंपन्यांच्या भाड्याला लावतो. परदेशी पाहुणे आधी सगळे रिसॉर्टमार्फत यायचे, आता बरेच जण थेट व्हॉट्सॲपवर बुकिंग करून राहिले.

गेल्या सीझनपासून त्यातले काही जण विचारतात, "बिटकॉइन घेता का?" मुलगा बी.ई. करून राहिला, त्याने माझ्या फोनवर वॉलेट टाकून दिलं. म्हटलं, घेऊन पाहू.

मार्चमध्ये एक जोडपं होतं. तुरिया गेटजवळच्या रिसॉर्टवरून सोनेगावला विमानतळावर सोडायचं होतं. चार दिवसांचं भाडं, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल मिळून ३८ हजार झाले. डिपार्चरपुढे सामान उतरवलं, त्यांनी माझा क्यूआर स्कॅन केला. त्यांच्या फोनवर हिरवी खूण आली. माझ्या फोनवर रक्कम दिसली, पण खाली 'अनकन्फर्म्ड'. त्यांच्या बोर्डिंगची वेळ होत आलेली, मागून गाड्यांचे हॉर्न, आणि तिथला जवान सांगून राहिला की गाडी पुढे घ्या. पाहुणे आत गेले. मी वर्धा रोडला गाडी बाजूला लावून फोन पाहत बसलो, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने कन्फर्म झालं.

पैसे आले. पण तो अर्धा तास मला पसंत पडला नाही. आत गेलेल्या माणसाला मी परत कसा बोलावणार? माझ्या जागी ड्रायव्हर असता तर त्याने काय करायचं होतं?

माझे प्रश्न साधे आहेत. रक्कम दिसली म्हणजे आली का? पाहुण्याला ती मधल्या वेळात परत घेता येते का? किती वेळ थांबलं म्हणजे पक्कं समजायचं? काही जण यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) देतो म्हणतात, ते बरं का? धंदा करणाऱ्या माणसाने अनुभवातून सांगितलं तर फार बरं होईल.

तर्री_पोहे

भाऊ, लाइटनिंग (बिटकॉइनवरच चालणारी झटपट पेमेंटची वेगळी सोय) लावा, विषय संपला. मी परसोडीच्या आयटी पार्कात काम करतो, आमच्या ग्रुपमध्ये नाश्त्याचे पैसे आम्ही एकमेकांना लाइटनिंगने देतो. दोन-तीन सेकंदांत पक्के होतात, कन्फर्मेशनची वाट पाहायची गरजच नाही. साधं बिटकॉइन काउंटरवर घ्यायच्या कामाचं नाही.

बर्डीकर

जंगलगाडी दादा, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं सीताबर्डीत जुन्या-नव्या लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डांचं दुकान आहे. नागपुरात बाहेरदेशच्या कामाचे पैसे बिटकॉइनमध्ये घेणारी मुलं आहेत, ती माझ्याकडे त्यातच पैसे देतात. ग्राफिक्स कार्ड पिशवीत घालून माणूस बर्डीच्या गर्दीत शिरला की तुमच्या विमानतळासारखीच गत. म्हणून हा विचार मला आधीच करावा लागला.

पहिलं, 'रक्कम दिसली' म्हणजे काय झालं ते पाहा. पाहुण्याने सही करून व्यवहार नेटवर्कवर सोडला. जगभरच्या नोडनी, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांनी, तो तपासला (सही बरोबर आहे, नाणी त्याचीच आहेत, आधी खर्च झालेली नाहीत) आणि आपापल्या मेमपूलमध्ये, म्हणजे न बसलेल्या व्यवहारांच्या रांगेत, ठेवला. एवढंच. तो अजून कुठल्याही ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या कायमच्या वहीच्या पानावर, बसलेला नाही; बसला की एक कन्फर्मेशन, त्यावर आणखी एक ब्लॉक आला की दोन. मेमपूलमधलं पेमेंट म्हणजे चार्ट लागायच्या आधीचं वेटिंग तिकीट. पाहुण्याच्या फोनवरची हिरवी खूण 'पाठवलं' एवढंच सांगते, 'पोचलं' असं सांगत नाही. त्या खुणेवर कधीही माल सोडू नका.

आता परत घेता येतं का? येतं, आणि त्याला हुशार हॅकर लागत नाही. तीच नाणी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर, जास्त फी लावून पुन्हा पाठवायची. मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, जास्त फीवाला व्यवहार उचलतो, तुमचा पडतो. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटात तर न बसलेला व्यवहार रद्द करायची सोय मेनूतच आहे. चेक-इनच्या रांगेत उभं राहून होणारं काम आहे हे.

पूर्वी इतकं सोपं नव्हतं. बहुतेक नोड जो व्यवहार आधी पाहिला तोच धरायचे, आणि बदलता येणाऱ्या व्यवहारावर तशी खूण असायची. दुकानदार ती खूण पाहून ठरवायचा. पण पहिला आलेला धरायचा हा नुसता रिवाज होता, बिटकॉइनचा नियम नव्हता. २०२२ च्या शेवटी आलेल्या बिटकॉइन कोअर (बहुतेक नोडवर चालणारं सॉफ्टवेअर) २४ मध्ये खूण नसलेला व्यवहारही बदलू द्यायचा पर्याय आला. ऑक्टोबर २०२४ च्या २८ व्या आवृत्तीपासून तो आपोआप चालू असतो, आणि २९ मध्ये बंद करायचं बटणच काढून टाकलं. म्हणून जुन्या लेखांत 'खूण नसेल तर लहान रक्कम बिनधास्त घ्या' असं वाचाल, ते आज धरू नका. खूण असो-नसो, ब्लॉकमध्ये बसेपर्यंत प्रत्येक व्यवहार बदलता येतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये कॅनडात काही जणांनी बिटकॉइन एटीएमवर हाच प्रकार केला. मशीन कन्फर्मेशनची वाट न पाहता रोकड द्यायचं, हे रोकड घेऊन व्यवहार रद्द करायचे. कॅल्गरीच्या पोलिसांनी पुढच्या वर्षी सांगितलं ते असं: दहा दिवसांत ११२ व्यवहार, १ लाख ९५ हजार कॅनेडियन डॉलर. मशीनला थांबायला शिकवलेलं नव्हतं, बाकी काही तोडफोड केलीच नव्हती त्यांनी.

थांबायचं किती? ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण त्याला घड्याळ नाही. मागचा ब्लॉक ८ मिनिटांपूर्वी आला म्हणून पुढचा २ मिनिटांत येईल असं नसतं, तिथूनही सरासरी १० मिनिटंच धरायची. हिशेब केला तर १० मिनिटांपेक्षा जास्त थांबायची वेळ साधारण ३७ टक्के वेळा येते, २० पेक्षा जास्त १३-१४ टक्के, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त ५ टक्के वेळा. म्हणजे तुमचा वर्धा रोडवरचा अर्धा तास काही बिघाड नव्हता. पुन्हा कधीतरी तेवढा लागेलच.

आणि एक ब्लॉक पुरे की सहा? सहाचा आकडा सगळे सांगतात. बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधात एक तक्ता आहे. नेटवर्कची ब्लॉक खणायची १० टक्के ताकद हातात असलेला माणूस एक ब्लॉक मागे फिरवू शकेल याची शक्यता २० टक्के, पाच ब्लॉक झाल्यावर ०.०९ टक्के, सहा झाल्यावर ०.०२ टक्के. तक्ता बरोबर आहे, पण तो वाचून घाबरण्याआधी विचारा, की ही १० टक्के ताकद कोणाकडे असते? मोठमोठ्या मायनिंग पूलकडे, म्हणजे मायनरच्या गटांकडे. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. तुमचे ३८ हजार बुडवायला कोणी गुपचूप ब्लॉक खणत बसला आणि हरला, तर त्याचं ते सगळं बक्षीस जातं. जंगलसफारीच्या भाड्यासाठी हे कोणी करणार नाही. शून्य आणि एक कन्फर्मेशन यांच्यामध्ये जी दरी आहे, ती एक आणि सहाच्या मध्ये नाही. मी ५० हजारांपर्यंत एका ब्लॉकवर माल देते, त्यावर दोन-तीन. लाखोंचा सौदा असता तर सहा थांबले असते.

आता तुमच्या धंद्याचं बोलते, कारण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्या काउंटरवर नाही. तुमचा गिऱ्हाईक दोन तास तुमच्याच गाडीत बसलेला असतो! तुरियाहून सोनेगाव म्हणजे खवासा, देवलापार, मनसर, कामठीकडून शहर ओलांडून किमान दोन तास. तेवढ्यात सरासरी बारा ब्लॉक येतात. मग पैसे डिपार्चरच्या दारात कशाला घेता? रिसॉर्ट सोडताना घ्या. सामान डिकीत गेलं, रिसॉर्टच्या वायफायवर पाहुण्याने स्कॅन केलं, गाडी निघाली. मनसरला चहाला थांबाल तेव्हा फोन पाहा. बहुतेक वेळा बसलेलं असेल. नसेल तर पाहुणा समोर आहे, विमान दूर आहे, आणि त्याने काही बदलायचं म्हटलं तरी तुम्हाला तिथेच दिसेल.

व्यवहार बसायला उशीर होतो तो बरेचदा कमी फीमुळे. म्हणून पैसे पाठवल्या-पाठवल्या एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) जाऊन व्यवहाराची फी पाहा, प्रत्येक व्हर्च्युअल बाइटला (व्यवहाराच्या आकाराचं माप) किती सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) ते लिहिलेलं असतं, आणि शेजारीच सध्याचा दर असतो. दर १२ चा चालू आहे आणि पाहुण्याने २ लावली, तर तिथल्या तिथे वाढवायला सांगा. शिवाय तो जी नाणी देतोय ती स्वतः कन्फर्म झालेली आहेत का तेही पाहा. त्याला आत्ताच कोणाकडून आलेली, अजून न बसलेली नाणी त्याने तुम्हाला पुढे ढकलली असतील, तर मागचा व्यवहार पडला की तुमचाही पडतो.

तर्री_पोहे, लाइटनिंगचं तुझं बरोबर आहे, पण 'विषय संपला' असं नाही. तिथे पैसे पोचले की पक्के, हे खरं. पण घेणाऱ्याचं वॉलेट त्या क्षणी ऑनलाइन लागतं आणि चॅनेलमध्ये (लाइटनिंगचे पैसे ज्या जोडणीतून येतात-जातात तीत) आत यायला तेवढी जागा लागते. नव्या माणसाने वॉलेट टाकलं आणि पहिल्याच दिवशी ३८ हजार घ्यायला गेला, तर पेमेंट अडकतं किंवा चॅनेल उघडण्याची फी त्याच्याच पैशातून कापली जाते. दुसऱ्याच्या ताब्यातलं वॉलेट घेतलं तर हा त्रास नाही, पण मग पैसे त्या कंपनीकडे. वरखर्चाच्या लहान रकमांना लाइटनिंग उत्तम आहे.

यूएसडीटीचं थोडक्यात. यूएसडीटी चालतं त्यातलं एक नेटवर्क ट्रॉन; त्यावर दर ३ सेकंदांनी ब्लॉक येतो आणि १९ ब्लॉक झाले की व्यवहार पक्का, म्हणजे साधारण मिनिटभर. वेग चांगला. पण त्याच नावाचं खोटं टोकन कोणीही बनवू शकतो, वॉलेटमध्ये 'यूएसडीटी' असंच दिसतं. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता (तीच त्याची खरी ओळख) जुळवल्याशिवाय मान्य करू नका. यूएसडीटी काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवूही शकते. आणि पुढे पाठवायला तुमच्याकडे फीसाठी थोडे टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) लागतात, नाहीतर पैसे दिसतात आणि हलत नाहीत. इथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) घेतलं तर ब्लॉक १२ सेकंदांना येतो, पण पूर्ण अंतिम व्हायला १३ मिनिटांच्या आसपास लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते शेवटी. ड्रायव्हरवर हा निर्णय टाकू नका. दारात हॉर्न वाजत असताना, समोर घाईतला परदेशी माणूस असताना, 'अनकन्फर्म्ड' म्हणजे काय हे त्याने ठरवायचं आणि चुकलं तर पगारातून कापायचं, हे अन्यायाचं आहे. माझ्या दुकानातल्या पोरांना मी एकच गोष्ट सांगितली आहे: स्क्रीनवर 'एक कन्फर्मेशन' दिसल्याशिवाय बॉक्स काउंटरच्या या बाजूला. ओळखीचा असो, मित्र असो. गिऱ्हाईक रागावलं तर मला फोन लावायचा. तेवढं बोलणं मी करते.

संत्रानगरी_फ्रीलान्सर

ताईंचं सगळं पटलं. देणाऱ्याच्या बाजूने एक भर घालतो, कारण मी स्वतः अशाच पद्धतीने पैसे देणारा आहे.

व्यवहार बदलला की प्रत्येक वेळी फसवणूक असते असं नाही. फी कमी पडली की मी स्वतः वाढवतो, आणि ती वाढवली की जुना व्यवहार जाऊन नवा येतो, त्याचा क्रमांकही वेगळा असतो. घेणाऱ्याच्या स्क्रीनवर आधीचा क्रमांक शोधला तर तो गायब दिसतो. धरमपेठेत एका दुकानात माझ्यावर एकदा आवाज चढला होता यावरून, आणि मला फार वाईट वाटलं होतं, कारण मी त्यांचं पेमेंट लवकर बसावं म्हणूनच फी वाढवली होती. नव्या व्यवहारात पत्ता त्यांचाच होता, रक्कम तीच होती.

म्हणून क्रमांकावर नजर ठेवू नका, तुमच्या पत्त्यावर ठेवा. पत्त्यावर तेवढीच रक्कम येते आहे का, एवढं पाहा. आणि प्रत्येक पाहुण्याला नवा पत्ता द्या, म्हणजे कोणाचे किती आले यात घोळ होत नाही.

अजून एक. देणारा फी वाढवत नसेल तर घेणाराही वाढवू शकतो. तुमच्याकडे येणारी, अजून न बसलेली नाणी तुम्ही स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मोठ्या फीने पाठवायची. ती मोठी फी मिळवायची तर मायनरला आधीचा व्यवहारही घ्यावाच लागतो. दोन्ही एकत्र बसतात. सगळ्या वॉलेटात ही सोय नसते, आधी पाहून ठेवा. फी तुमच्या खिशातून जाते, पण अडलेल्या वेळी कामाला येते.

खातेवही

मी सीए आहे, इतवारीत बसतो. वर तांत्रिक बाजू चांगली आली, पण पैसे पक्के झाले म्हणजे काम संपत नाही, म्हणून लिहितो.

बिटकॉइन आपल्याकडे कायदेशीर चलन नाही. बाळगणं किंवा विकणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना यापासून दूर राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण 'चालतं' आणि 'चलन आहे' यात फरक आहे, तो लक्षात ठेवा.

गाडीवाल्याने बिल रुपयांतच फाडायचं. जीएसटी रुपयांच्या रकमेवर. नाणी मिळाली त्या दिवशीचा, त्या वेळचा रुपयातला भाव तुमचं धंद्याचं उत्पन्न. स्क्रीनशॉट काढा, एक्सप्लोररचं पान जपा. पुढे ती नाणी विकताना भाव वाढलेला असेल तर त्या वाढीवर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस, हे १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. भाव पडला तर तो तोटा दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षातही नेता येत नाही. आठवडाभर ठेवून भाव वाढेल अशी वाट पाहणाऱ्या दुकानदारांना मी हेच सांगतो. भाव वाढला तर त्यातलं ३० टक्के सरकारचं, पडला तर सगळं तुमचं. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, १ जुलै २०२२ पासून. तो रिटर्नमध्ये धरता येतो, पण गाड्यांच्या डिझेलचे पैसे तोवर अडकतात.

देणारा अनिवासी आहे, म्हणजे फेमाचाही (परकीय चलनाच्या कायद्याचाही) प्रश्न येतो. परदेशी पाहुण्याकडून थेट क्रिप्टो घेणं कुठे बसतं, हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका, माझ्या या उत्तरावरही नाही.

नाणी विकायची तर नोंदणीकृत एक्सचेंजवरच. मार्च २०२३ पासून एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, त्यांना एफआययूकडे (केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी लागते. अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकून त्याच्याकडून यूपीआयने पैसे घेऊ नका. त्याचे पैसे कुठल्या सायबर गुन्ह्यातले निघाले तर खातं तुमचं गोठतं. माझ्याकडे असा माणूस आलाय, ट्रान्सपोर्टवाला. एका चौकशीच्या पत्रावर त्याचं चालू खातं बंद होतं, ड्रायव्हरांचे पगार थांबले. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या चकरा मारून सोडवून आणलं.

आणि एक साधा पर्याय विसरू नका. परदेशी पाहुण्यांना भारतात यूपीआय वापरता यावं अशी वॉलेटची सोय २०२३ पासून आहे, सुरुवात जी-२० देशांच्या प्रवाशांपासून झाली. कार्ड मशीन तर आहेच. बिटकॉइनचा आग्रह नसलेल्या पाहुण्याला आधी हे विचारा.

जंगलगाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. बर्डीकर ताई, रिसॉर्टवरच पैसे घ्यायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या गाडीवाल्यांची सवयच अशी, की पोचवलं की पैसे. खातेवही साहेब, माझ्या सीएकडे सोमवारी जाऊन राहिलो.

दोन गोष्टी राहिल्या. रिसॉर्टवर हिशेब केला तरी वाटेत रामटेकला वळा म्हणतात, कधी शहरात संत्रा बर्फी घ्यायला थांबा म्हणतात. मग विमानतळावर दीड-दोन हजारांचा फरक निघतो. त्याचं काय? आणि दुसरं, ड्रायव्हरांच्या फोनवर वॉलेट टाकून द्यायचं का? पैसे माझे, फोन त्यांचा. माणसं चांगली आहेत, वर्षानुवर्षं माझ्याकडे आहेत, पण फोन हरवतो, पोरं हाताळतात. आणि खवासा ते देवलापार मध्ये नेटवर्क जातं, तेव्हा पेमेंट अडकेल का?

बर्डीकर

नेटवर्कचं आधी. पाहुण्याने रिसॉर्टच्या वायफायवर पाठवलं की त्याचं काम संपलं. तो व्यवहार जगभरच्या नोडकडे गेला. तुमचा फोन जंगलात बंद असला, पाहुण्याचा बंद असला, तरी ब्लॉक येत राहतात आणि व्यवहार बसतो. फोनची गरज फक्त पाहायला आहे. फक्त निघण्याआधी तुमच्या फोनवर एकदा रक्कम दिसू द्या. दिसलीच नाही तर व्यवहार गेलाच नाही असं समजा, पाहुण्याने स्क्रीनशॉट दाखवला तरी.

दीड-दोन हजारांच्या फरकाला साखळीवरचं, म्हणजे ब्लॉकमध्ये बसणारं साधं, बिटकॉइन घेऊच नका. तिथे फी डोईजड होऊ शकते आणि पुन्हा तीच वाट पाहणी. रोख, कार्ड, यूपीआय, नाहीतर लाइटनिंग. इथे तर्री_पोहेचं बरोबर आहे. एवढ्या रकमेची जागा चॅनेलमध्ये ठेवणं अवघड नाही, आणि विमानतळाबाहेर नेटवर्क असतं. किंवा इसारा घेतानाच हजार-दोन हजार जास्त घ्या आणि उरले तर रोख परत करा. बुकिंगच्या वेळचा इसारा साखळीवर घ्यायला काहीच हरकत नाही, प्रवासाला आठवडे बाकी असतात, किती ब्लॉक होतील तेवढे होऊ द्या.

ड्रायव्हरच्या फोनवर पूर्ण वॉलेट टाकू नका. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, जे त्यांच्या हातात नसेल त्याची जोखीम त्यांच्यावर येत नाही म्हणून. फक्त पाहण्याचं वॉलेट असतं. तुमच्या वॉलेटमधून एक्स-पब नावाची किल्ली काढून त्यांच्या फोनवर टाकायची. त्यातून नवे पत्ते बनतात, क्यूआर दाखवता येतो, पैसे आले, कन्फर्म झाले हे दिसतं, पण एक सातोशीही खर्च करता येत नाही. फोन हरवला तरी पैसे सुरक्षित. ती किल्ली बाहेरच्या कोणाला देऊ नका, कारण तिच्यावरून तुमचा सगळा हिशेब दिसतो. खर्चाची किल्ली आणि वॉलेट परत उघडणारे बारा शब्द तुमच्याकडे, कागदावर, घरी. मुलाला सांगा की त्या शब्दांचा फोटो काढून ठेवू नको.

कागदावर छापलेला क्यूआर गाडीत चिकटवू नका. कोणी वर दुसरा चिकटवला तर कळणारही नाही, आणि एकाच पत्त्यावर सगळे पाहुणे आले की खातेवही साहेबांना पुढे त्रास.

पाहुण्याला बुकिंगच्याच वेळी लिहून कळवा, म्हणजे शेवटच्या दिवशी कोणाला अपमान वाटत नाही. मी गिऱ्हाइकांना पाठवते त्यावरून तुमच्यासाठी असं लिहिलंय, मुलाकडून इंग्रजीत करून घ्या:

"बिटकॉइनने पैसे द्यायचे असल्यास ते रिसॉर्ट सोडण्याआधी द्यावेत. रक्कम रुपयांत ठरलेली असेल, त्या वेळचा भाव पुढची १५ मिनिटं धरला जाईल. फी चालू दराप्रमाणे लावावी. विमानतळावर पोचेपर्यंत एक कन्फर्मेशन झालेलं नसेल तर कार्डाने किंवा रोख द्यावं लागेल, आणि बिटकॉइन नंतर बसलं तर तेवढी रक्कम तुमच्या पत्त्यावर परत पाठवली जाईल."

हे शेवटचं वाक्य ठेवाच. दुहेरी पैसे जातील या भीतीनेच लोक कार्ड काढायला तयार होत नाहीत. परत पाठवायचा पत्ता मात्र त्यांच्याकडून तेव्हाच लिहून घ्या. ज्या पत्त्यावरून पैसे आले त्यावर परत पाठवू नका, एक्सचेंजवरून आलेले असतील तर तो पत्ता त्यांचा नसतो.